गावकुसाबाहेरच्या वस्त्यांचा विकास : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड, लातूर, धाराशिव, हिंगोली आणि नांदेड या जिल्ह्यांतील वस्त्या, तांडे आणि पालांवरच्या बैठकांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. गावपातळीवर काम करणारे कार्यकर्ते, नव्याने निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य आणि बचत गटांच्या अध्यक्ष-सचिव भगिनी यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लेखन केले आहे.

वस्तीत काम सुरू करायचे आहे. सुरुवात कशापासून करावी?

पहिल्या बैठकीत लोक रस्ता, नाली, समाजमंदिर आणि हातपंप मागतात. या मागण्या रास्त असतात आणि त्या लिहून घ्याव्यात. मात्र त्यांचा पाठपुरावा सुरू करण्याआधी एक दोनशे पानी वही घेऊन घरोघर जावे आणि प्रत्येक घराची माहिती टिपावी. घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, कोणाच्या नावाने आहे, शिधापत्रिका कोणत्या रंगाची आहे आणि तीत सुनेचे नाव चढले आहे का, जातीचा दाखला घरात कोणाकोणाकडे आहे, जमीन कसत असल्यास तिचा कोणता कागद हाती आहे, आणि दिवाळीनंतर घरातील किती माणसे गावाबाहेर जातात, एवढे प्रश्न पुरेसे आहेत. चाळीस घरांच्या वस्तीला तीन संध्याकाळी पुरतात.

योजनाच नाही म्हणून एखाद्या कुटुंबाचे काम अडले, असे आमच्या पाहण्यात क्वचितच आले. बहुतेक वेळा त्या कुटुंबाचे नाव कोणत्या तरी नोंदवहीत नसते, किंवा असते ते तीस वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचे असते. ही वही तयार झाली की कोणते काम आधी हाती घ्यायचे हे वस्तीला स्वतःलाच दिसू लागते.

मराठवाड्यात कागदपत्रांचा गुंता इतरांपेक्षा अधिक आहे, असे का म्हणतात?

हा प्रदेश १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यामुळे जुना महसुली दप्तरखाना मोठ्या प्रमाणात उर्दूत आहे आणि काही नोंदी मोडीत आहेत. कूळकायदा आणि इनाम यांचे नियमही येथे पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळे होते. जमिनीचा इतिहास शोधायचा तर १९५४-५५ चे खासरा पत्रक पाहावे लागते आणि ते वाचून सांगणारी माणसे तालुक्याच्या गावी दरवर्षी कमी होत आहेत. ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या वाचणारे कोणी नव्हते, त्यांना या दप्तराचा फटका सर्वांत जास्त बसला.

गायरान जमीन कसणाऱ्या भूमिहीनांचा तिच्यावर हक्क आहे का?

गायरान म्हणजे गावाच्या गुरांच्या चराईसाठी राखलेली सरकारी जमीन. मराठवाड्यातील दलित आणि भटक्या कुटुंबांनी ती कसायला घेतली, यामागे मोठा इतिहास आहे. भूमिहीनांनी पडीक सरकारी जमिनी ताब्यात घेऊन पिकवाव्यात, ही प्रेरणा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची होती. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. बीड जिल्ह्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने हा लढा नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतरही गावोगाव चालवला.

राज्य शासनाच्या २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची, शेतीसाठी केलेली आणि अटींत बसणारी अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग मोकळा केला. त्यामुळे आज सर्व भर एकाच गोष्टीवर येतो, आणि ती म्हणजे त्या तारखेपूर्वीपासून जमीन आपल्या कब्जात होती याचा पुरावा. तलाठ्याकडील गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही आहे. तिच्यात आजोबांचे किंवा वडिलांचे नाव असेल तर अर्धे काम झाले असे समजावे. नाव नसेल तर दंडाच्या पावत्या शोधाव्यात. अतिक्रमण केले म्हणून सरकारने ज्याला दंड केला, त्याच्या कब्जाची साक्ष तीच पावती देते. पीक मोडल्याचे, मारहाणीचे किंवा अटकेचे जुने पोलीस व न्यायालयीन कागदही याच कारणाने उपयोगी पडतात. केज तालुक्यातील एका आजीबाईंनी पत्र्याच्या पेटीच्या तळातून, लुगड्याच्या घडीत ठेवलेल्या चार पावत्या काढून आमच्यापुढे मांडल्या होत्या. शिक्षेचा कागद कोणाला दाखवायचा नाही, असे सासऱ्यांनी सांगून ठेवल्यामुळे त्या इतकी वर्षे गप्प राहिल्या होत्या.

गायरानावरील अतिक्रमण काढण्याची नोटीस आली आहे. काय करावे?

नोटीस घेण्यास नकार देऊ नये. ती स्वीकारून तिच्यावर तारीख टाकावी आणि दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे. तोंडी सांगितलेले दप्तरात राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे निर्देश दिले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने त्यानुसार निर्णय काढला. त्या न्यायनिर्णयात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद आहे, ही बाब नोटिशीत सहसा लिहिलेली नसते. म्हणून आपल्या उत्तरात १९९१ च्या निर्णयाचा आणि या अपवादाचा स्पष्ट उल्लेख करावा, पुराव्यांच्या साक्षांकित प्रती जोडाव्यात आणि सुनावणीची मागणी करावी. प्रकरण येथवर आले असेल तर वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. जिल्हा व तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ज्यांच्याकडे गायरानही नाही, त्यांना शासन जमीन देते का?

अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन शेतमजुरांसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. तीत कुटुंबाला ४ एकर जिरायती किंवा २ एकर बागायती जमीन देण्याची तरतूद असून विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. अर्ज समाजकल्याण विभागाच्या जिल्हा कार्यालयात करावयाचा असतो. खरी अडचण अशी, की शासन ही जमीन बाजारातून विकत घेऊन देते आणि शासनाच्या दरात चांगली जमीन विकायला सहसा कोणी तयार होत नाही. म्हणून अर्जदारांनी आपल्या परिसरातील विक्रेता स्वतः शोधून त्याची माहिती कार्यालयाला देणे, हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. मुरमाड, पाण्याचा ठिपूस नसलेली जमीन कोणी गळ्यात मारत असेल तर ती नाकारण्याचे धैर्यही ठेवावे.

ग्रामसभेत आमच्या वस्तीचे कोणी ऐकत नाही. मग जायचे कशाला?

हा प्रश्न दर बैठकीत येतो आणि तो विचारणाऱ्यांचा राग समजण्यासारखा आहे. मारुतीच्या देवळासमोर सतरंजी अंथरलेली असते, तिच्यावर कोण बसणार हे न सांगता ठरलेले असते, आणि वस्तीतील बायका पाराच्या पलीकडे, पदर तोंडाशी धरून उभ्या असतात. सभा वीस मिनिटांत आटोपते आणि सह्यांचे रजिस्टर दुसऱ्या दिवशी घरोघर फिरते.

हे बदलते, परंतु त्यासाठी नियम तोंडपाठ असावे लागतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा होणे आवश्यक असून त्या सामान्यतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास घेतल्या जातात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. म्हणजे हजार मतदारांच्या गावात शंभर माणसांवर सभा उभी राहते, आणि वस्तीतून साठ माणसे वेळेवर येऊन बसली तर सभेचा तोंडवळाच बदलतो. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणेही बंधनकारक आहे. अनेक गावांत ती केवळ कागदावर होते, पण वस्तीतील स्त्रियांना मोकळेपणाने बोलायला याहून सोयीची जागा गावात नाही.

मागणी नेहमी लेखी द्यावी, सभेच्या तीन-चार दिवस आधी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. पोच न घेण्याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका कार्यालयात आम्ही सत्तावीस कुटुंबांचे अर्ज एकगठ्ठा दिले, ओळखीचे लिपिक होते म्हणून शिक्का मागितला नाही, आणि त्यांची बदली झाल्यावर ते अर्ज कधी आलेच नव्हते असे उत्तर मिळाले. सत्तावीस घरांचे पुन्हा फोटो, पुन्हा झेरॉक्स, पुन्हा एक बुडालेली मजुरी!

मागणी कशाची करावी, हेही महत्त्वाचे आहे. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. गेल्या तीन वर्षांत ही रक्कम किती झाली आणि कशावर खर्च झाली, असा साधा प्रश्न लेखी विचारावा. उत्तर टाळले गेल्यास माहिती अधिकारात अर्ज करावा. त्याचे शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला ते माफ आहे आणि माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. या एका प्रश्नावर ज्या वस्त्यांनी चिकाटी धरली, तेथे पुढच्या आराखड्याच्या वेळी ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, स्वतः वस्तीत येऊन बसल्याचे आम्ही पाहिले आहे.

आमचा निम्मा गाव ऊसतोडीला जातो. त्यांनी या सगळ्यात भाग कसा घ्यायचा?

ग्रामसभेच्या वरील तारखांकडे पुन्हा एकदा पाहावे. २६ जानेवारीला बीड, जालना आणि परभणीकडील टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडात असतात. २ ऑक्टोबरला मुकादमाने, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराने, उचल (आगाऊ रक्कम) वाटलेली असते आणि सामानाची बांधाबांध सुरू झालेली असते. म्हणजे ऊसतोड कुटुंबांसाठी खऱ्या अर्थाने उरतात त्या दोनच ग्रामसभा : १ मे आणि १५ ऑगस्ट. वस्तीचे महत्त्वाचे ठराव या दोन सभांतच मांडावेत, आणि गावाचा विकास आराखडा हिवाळ्यात तयार होत असल्यास वस्तीच्या मागण्या ऑगस्टमध्येच लेखी देऊन ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट उचलीची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, दोघांच्या श्रमावर एकच उचल दिली जाते आणि हिशेब मुकादम पुरुषाशी करतो. बाई आजारी पडली किंवा बाळंत झाली तरी तो खाडा, म्हणजे गैरहजेरी, धरून पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला, त्याची एक मुळी या खाड्यात आहे. म्हणून उचल घेताना रक्कम, तारीख आणि दोघांचीही नावे असलेली चिठ्ठी मागावी. मुकादम ती सहजासहजी देत नाही. मात्र एका टोळीतील सर्वच कुटुंबांनी एकत्र मागितल्यास देतो, असा अनुभव आहे. निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीकडून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र घ्यावे आणि मुलांना मागे ठेवणार असाल तर शाळेच्या हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीकडे दसऱ्याआधीच नोंदवावी.

सरपंच बाई आहेत, पण कारभार नवरा पाहतो. अशा आरक्षणाचा उपयोग काय?

महाराष्ट्रात पंचायत राज संस्थांमध्ये स्त्रियांना २०११ पासून ५० टक्के आरक्षण आहे. पहिल्या वर्षी अनेक सरपंच स्त्रिया खरोखरच सहीपुरत्या असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि धनादेशावर आणि आता ऑनलाइन प्रणालीत सही त्यांचीच चालते, आणि आपली सही कशाखाली जाते हे विचारण्यापासून बदल सुरू होतो. लातूर जिल्ह्यातील एका सरपंच ताईंनी नवऱ्याला एवढेच सांगितले, की जे कागद संध्याकाळी घरी येतात ते आता सकाळी कार्यालयात येतील. लेकीला शेजारी बसवून त्या प्रत्येक कागद वाचून घेऊ लागल्या. त्या दलित वस्तीतून निवडून आल्या होत्या आणि सुरुवातीचे चार महिने त्यांची खुर्ची दुरुस्तीला दिली आहे असे सांगितले जात होते.

बचत गट काढले, पण वर्षभरात मोडले. चूक कोठे होते?

किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत घरबांधणीच्या कामात महिला मंडळांनी मोठी जबाबदारी पेलली, आणि त्या अनुभवातून या भागात गटांची चळवळ घट्ट झाली. पुढे महिला आर्थिक विकास महामंडळ आणि उमेद, म्हणजे राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान, यांनी गट, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ अशी रचना उभी केली. गट मोडण्याची कारणे आम्हाला तीनच दिसली : कर्जासाठी म्हणून काढलेला गट, वही एकीच्याच घरी असणे, आणि वस्तीत एकही गट नसताना गावातील मोठ्या घरांच्या गटात दोन-तीन जणींना नावापुरते घेणे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या वह्या ही पंचसूत्री सर्वांना पाठ असते. तिच्यातील शेवटचे सूत्र प्रथम ढिले पडते. हिशेब प्रत्येक बैठकीत मोठ्याने वाचला जावा, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या सभासदालाही आपली रक्कम ऐकू येते. खासगी मायक्रोफायनान्सचे हप्ते फेडण्यासाठी गटातून कर्ज काढले जात असेल तर गटाने ते नाव घेऊन बोलावे. लपवाछपवी सुरू झाली की बैठकीला माणसे येईनाशी होतात.

पतीच्या निधनानंतर सुनेचे नाव जमिनीला लावत नाहीत. काय करता येईल?

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मृत्यूच्या दाखल्यासह द्यावा. सासरे हयात असून जमीन त्यांच्याच नावावर असेल, तर गुंता वाढतो. शेतकरी आत्महत्येच्या अनेक प्रकरणांत आम्ही हेच पाहिले, की कसणारा मुलगा गेला, सातबारा वडिलांच्या नावाचा, आणि तीस वर्षांच्या विधवेचे नाव कोठेच नाही. तिला मिळणारी शासकीय मदत १ लाख रुपयांची असते, त्यातील ३० हजार रोख आणि ७० हजार ठेव स्वरूपात. ती पात्र ठरवतानाही आधी कागदच पाहिले जातात. म्हणून नवरा हयात असतानाच पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर आणि घराच्या नमुना ८ वर लावून घ्यावे. सातबाऱ्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे. हा विषय बायकांच्या बैठकीत काढून भागत नाही, तो चावडीवर पुरुषांसमोर काढावा लागतो.

भटक्या-विमुक्त कुटुंबांना जातीचा दाखला का मिळत नाही?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्या पारधी, कैकाडी अशा समाजांची त्या शिक्क्यातून १९५२ मध्ये सुटका झाली. दाखल्यासाठी मात्र विमुक्त जाती व भटक्या जमातींकडून २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांचे पाल दर आठ दिवसांनी हलत होते, त्यांनी तो कोठून आणावा? शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा आणि कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद हे पहिले दोन शोध. चुलते-चुलत आजोबांपैकी एखाद्याचे नाव दूरच्या गावच्या शाळेत सापडते आणि त्यावर सगळ्या भावकीचे काम होते. मावशी-आत्याच्या सासरच्या नोंदी येथे चालत नाहीत, शोध वडिलांकडच्या नात्यातच घ्यावा. काहीच न सापडल्यास गृहचौकशीची, म्हणजे अधिकाऱ्याने प्रत्यक्ष येऊन करायच्या चौकशीची, लेखी मागणी करावी.

रोजगार हमीचे काम मागितले तर काम नाही असे सांगतात.

काम मागण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि तारखेची पोच घ्यावी, कारण १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याचा हक्क मिळतो आणि ते १५ दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली कल्पना आहे. १९७२ च्या दुष्काळात ती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला असून त्यात १२५ दिवस आहेत, परंतु पेरणी-काढणीच्या ऐन हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची मुभाही आहे. मराठवाड्यातील मजुराला काम हवे असते ते फेब्रुवारी ते मे या काळात, त्यामुळे मागणीचे अर्ज जानेवारीतच द्यावेत.

किनवट-माहूरकडील आदिवासी गावांना हेच लागू होते का?

बहुतांश होय. शिवाय किनवट तालुक्यातील अनुसूचित क्षेत्राला पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा, लागू असल्याने तेथील ग्रामसभेचे अधिकार अधिक आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर ४ हेक्टरपर्यंत दावा करता येतो. तो प्रथम ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यावा.

हक्क मागितल्यावर गावाने बोलणे-चालणे बंद केले तर?

त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदाही लागू होतो, आणि जमिनीतून हुसकावणे हाही त्याखाली गुन्हा आहे. गिरणीवाल्याने दळण नाकारले, दुकानदाराने मीठ दिले नाही, सालगड्याला कामावरून काढले, हे प्रसंग तारीख, वेळ आणि साक्षीदारांसह वहीत लिहीत जावे.

एवढे सगळे कागद ठेवायचे कोठे?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पत्र्याच्या घरात पावसाळा काढलेल्या माणसाला तो तसा वाटत नाही. मूळ कागद घरच्या पेटीत जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत, एक झेरॉक्स संच गटाच्या कपाटात द्यावा आणि प्रत्येक कागदाचा फोटो घरातील दोन मोबाइलवर असावा. सेतू केंद्रातून किंवा बँकेच्या यंत्रातून मिळणाऱ्या गुळगुळीत पावत्यांवरची अक्षरे वर्षभरात उडतात, म्हणून त्यांची झेरॉक्स त्याच दिवशी काढावी. आणि मूळ दाखले लॅमिनेट करू नयेत. जुना कागद त्या उष्णतेत चिकटतो, शिक्का पुसट होतो, आणि पडताळणीच्या वेळी बोट लावून पाहणारा अधिकारी तो कागद परत करतो.